डोंगरातलं लेणं आणि अंगावरचं लेणं

'डोंगराने ल्यालेला दागिना, म्हणून वेरूळची ती लेणी' ही व्युत्पत्ति खरी का, असा प्रश्न आला आहे. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. हे दोन वेगळे शब्द, मराठीत येईपर्यंत घासून सारखे झालेले.

अंगावरचं लेणं 'लेणे' या क्रियापदाच्या घरचं: काजळ ल्याली, कुंकू ल्याली, सौभाग्यलेणं. डोंगरातलं लेणं आलं संस्कृत 'लयन'वरून. 'नयति'चं नेणं होतं, तसं 'लयन'चं प्राकृतात 'लेण'. मूळ धातू 'ली', म्हणजे चिकटून बसणं, दडणं. म्हणून लेणं म्हणजे आधी निवारा. पाली विनयात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथात, त्यांना चालतील अशी पाच लेणी सांगितली आहेत: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. पहिली चार बांधलेल्या घरांची नावं; गुहा पाचातली एक, तीही शेवटची!

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात चक्क 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो' असं कोरलंय. म्हणजे 'हे लेणं करवलं आणि या पोढ्याही'; पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. जवळच त्याची बायको दखमित्रा हिच्या दानाचा लेख आहे, त्यात खोलीला शब्द आहे 'ओवरको'. देवळाच्या ओवऱ्यांत बसणाऱ्यांना पटकन ओळख पटेल. मला तर हे वाचताना दागिन्याच्या गोष्टीपेक्षा जास्त मजा येते.

वेरुळात मात्र या शब्दाची ओढाताण होते. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्णराजाचं कैलास हे क्रमांक १६ चं लेणं, पण तिथे गुहा शोधायला जाल तर फसाल. कडा वरून खाली तासत नेऊन मधोमध अख्खं देऊळ सोडवून काढलंय. अंगणात उभं राहिलं की डोक्यावर आभाळ. त्याच घराण्यातल्या कर्काच्या बडोदा ताम्रपटात त्याला 'शिवधाम' म्हटलंय. धाम म्हणजे घरच, तेव्हा निवाऱ्याचा जुना अर्थ इथेही ओढूनताणून का होईना बसतो.

आता लिंगाचं. शब्द नपुंसकलिंगी: ते लेणं, ती लेणी, लेण्यात, लेण्यांत. वेरूळची लेणी ३४ आहेत, म्हणून 'ती लेणी पाहिली' बरोबरच; पण ते अनेकवचन. कैलासापुढे उभं राहून 'ही लेणी किती मोठी आहे' म्हणणं चूक. एक असेल तर ते लेणंच.