आडनाव विचारलं, मी चिऊ सांगितलं

नवऱ्याला लिस्बनला नोकरी लागली आहे, तीन महिन्यांत मुलीला घेऊन निघायचंय, तेवढ्यात ॲपवर शिकलेली पोर्तुगीज पुरेल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, कर क्रमांक हे तुम्ही वाचलं असेलच, ते सोडते.

ॲप वापरा, पण ते कुठली पोर्तुगीज शिकवतंय ते आधी बघा. बहुतेक ब्राझीलची असते. तिकडे स्वर मोकळे, इथे निम्मे गिळतात. टेलिफोनचा ‘त्लफॉन’ होतो. आपण चमचा लिहून चम्चा म्हणतो तसंच, फक्त यांची भूक मोठी. शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुधा ‘श’ होतो. नाकातले स्वर मात्र घोटावेच लागतात. मी वसईची. पाव हा शब्द आपल्याकडे यांच्याकडूनच आला, या तोऱ्यात पहिल्याच सकाळी बेकरीत ‘पाव’ मागितला. मूळ उच्चार ‘पांव’, नाकातून. नाक सुटलं की अर्थ होतो काठी. दोन हवे असले तर ‘पांइश’. पण लिंबं ‘लिमोंइश’ आणि हात ‘मांवश’. नियम शोधत बसू नका, पाठ करा.

‘आहे’साठी दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘श्तार’. मुलगी मुळातच गप्प असते की आज गप्प आहे, साधारण असा फरक. आपल्याला पटकन कळतो.

ओळख सोपी. ‘बों दिया’, ‘शामु-म’ म्हणून आपलं नाव, मग ‘मुइंतु प्रझेर’. आभार मानताना बाईनं ‘ओब्रिगादा’, पुरुषानं ‘ओब्रिगादु’. ब्राझीलचं ‘व्होसे’ इथे अनोळखी माणसाला म्हणू नका, खटकतं. इथे समोरच्याशीही तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. शाळेत तर तुम्ही नुसत्या ‘आई’. ‘आई इथे सही करते का?’ असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी मागे वळून कुणाची आई आलीय ते पाहिलं.

त्याच शाळेतली एक गोष्ट अजून सलते. प्रवेशाच्या खिडकीवर विचारलं, ‘अप्लीदु?’ ॲपनं मला शिकवलं होतं, म्हणजे टोपणनाव. ब्राझीलमध्ये तसंच आहे. पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ आडनाव. मी कौतुकानं सांगितलं, चिऊ. त्यांनी टाइप केलं. रोमन लिपीतलं ते नाव इथे ‘शिउ’ असं वाचतात, आणि ‘शिउ!’ म्हणजे ‘श्श, गप्प!’ दुरुस्तीचा अर्ज दोनदा परत आला, एकदा जन्मदाखल्याचं भाषांतर हवं म्हणून, एकदा शिक्का पुसट म्हणून. चार महिने हजेरीत माझ्या मुलीचं आडनाव ‘गप्प’ होतं. मुलं हसायची. ती घरी काहीच बोलली नाही. मला वाटलं, रुळतेय.

म्हणून ॲपवरचे कासव आणि सफरचंद राहू द्या, फॉर्मवरचे शब्द आधी शिका: ‘नोम’, ‘अप्लीदु’, ‘मुरादा’ म्हणजे पत्ता. आणि खिडकीवर स्वतः बोला, चुकत बोला, पण मुलीला मध्ये उभं करू नका. मी केलं. मला जमेना म्हणून आठ वर्षांची पोर दवाखान्यात, बँकेत माझी दुभाषी झाली. पालकसभेत तिच्याविषयीची तक्रारही तिनंच मला मराठीत सांगितली. निम्मी गाळून, हे फार उशिरा कळलं.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. सवय होते.

आता ती चौदाची आहे. माझा ‘पांव’ अजून सुधारते. मराठीत विचारलं तर उत्तर पोर्तुगीजमध्ये देते. चिऊ म्हणायचं मी सोडून दिलंय. ती शाळेत गेली की कधीतरी म्हणते.