हॉलमधल्या सामन्यांचे फोटो: लेन्स बदलण्याआधी

तुमचा प्रश्न असा: क्लबच्या बॅडमिंटन सामन्यांचे फोटो किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सने) काढले, बरेच काळपट आले, उरलेले हलले, तर आता ७०-२०० एफ २.८ (जास्त उजेड आत घेणारी झूम लेन्स) घ्यावी का? माझं मत, आत्ता नको. तुम्ही १/१२५ शटर स्पीड (शटर सेकंदाचा किती भाग उघडं राहतं ते) आणि १६०० आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) लिहिलाय. एवढ्या शटरला स्मॅश मारणारा हात कुठल्याच लेन्समध्ये थांबणार नाही. किमान १/८०० ठेवा आणि आयएसओ बेधडक ६४००, गरज पडली तर १२८०० करा. दाणेदार पण स्पष्ट चेहरा खेळाडू आनंदाने जपून ठेवतो. हललेल्या चेहऱ्याला काही इलाज नाही.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, मॅन्युअलवर घ्या. हॉलमधला उजेड सामनाभर सारखाच असतो, पण पांढरा शर्ट किंवा छतावरचा दिवा फ्रेममध्ये आला की ऑटो फसतं. फोकस सतत पाठलाग करणारा हवा, म्हणजे कॅननमध्ये सर्वो, निकॉन-सोनीत एएफ-सी. फोकसची जागा छोटी ठेवा, नाहीतर कॅमेरा जाळीलाच धरून बसतो.

एकाच बर्स्टमधले (बटण दाबून धरून सलग काढलेले) काही फोटो पिवळट, काही अंधारे येतात असंही तुम्ही म्हणालात. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, १/१०० पेक्षा वेगवान शटरला कळतं, १/८०० ला तर आणखीच. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. फोटोवर आडवे पट्टे दिसले तर इलेक्ट्रॉनिक शटर सोडून मेकॅनिकल घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर ८५ एफ १.८, म्हणजे झूम नसलेली ८५ मिमी लेन्स; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. किट लेन्सच्या एफ ५.६ च्या तुलनेत ती जवळपास दहापट उजेड आत घेते, म्हणजे १२८०० आयएसओचं काम साधारण १२५० वर भागतं. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा उभा धरला तर नऊ मीटरवर अडीच मीटर उंची मावते, उंचावलेल्या रॅकेटसकट अख्खा खेळाडू. झूम नाही म्हणून सुरुवातीला अडल्यासारखं होईल, पण स्थानिक सामन्यात तुम्हाला हवं तिथे जाऊन बसता येतं. मोठ्या स्पर्धांत फोटोग्राफरला सहसा नेमून दिलेली जागा सोडता येत नाही. तुमच्याकडे ही मोकळीक आहे, ती पुरेपूर वापरा.

आणि खरा फरक जागेनेच पडतो. तुमच्या फोटोंत खेळाडूच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पिशव्या आणि मोबाइल बघणारा माणूस आहे. उभे राहून काढलेत म्हणून. कोर्टच्या मागच्या कोपऱ्याबाहेर, रेषेपासून नीट अंतर ठेवून जमिनीवर बसा आणि पलीकडच्या खेळाडूला तिरपं टिपा. जाळी मध्यावर १.५२४ मीटर उंच असते, त्यामुळे खालून बघताना ती आडवी येते. पण उडी मारलेला खेळाडू तिच्या वर निघतो, आणि मागे खुर्च्यांऐवजी छताचा गडद भाग मिळतो. मी आधी रिकाम्या कोर्टावर पार्श्वभूमी शोधतो, बसतो, मग खेळाडू तिथे यायची वाट बघतो. अर्धा सामना वाट बघण्यात जातो, जाऊ द्या.

शटर कधी दाबायचं? शटल उंच गेलं आणि खेळाडूचा मोकळा हात वर बोट दाखवायला लागला की. फटका डोळ्यांनी दिसला म्हणजे तो निसटला. तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट पुरतो. गुण संपल्यावर कॅमेरा खाली घेऊ नका, मुठी आवळणं आणि जोडीदाराच्या हातावर टाळी देणं त्यानंतरच्या दोन सेकंदांत असतं. फ्लॅश मात्र अजिबात नको, शटलकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत तो थेट जातो.

एक चूक माझ्या अजून जिवाला लागून आहे. एका फुटबॉल सामन्यात मी पूर्ण वेळ कमकुवत संघाच्या गोलमागे बसलो, कारण चेंडू तिथेच होता. फोटो उत्तम आले. जिंकणाऱ्या संघाच्या गोलकीपरने नंतर विचारलं, माझा एखादा आहे का? एकही नव्हता. तेव्हापासून दोन्ही संघांचे शर्ट नंबर कागदावर लिहितो आणि चेहरा स्पष्ट मिळाला की खूण करतो. शेवटची दहा मिनिटं खूण नसलेल्यांची. बदली खेळाडू बाकावर असेल तर बूट बांधतानाचा त्याचा फोटोही चालतो. या पातळीवर बहुतेकांचा खेळतानाचा दुसरा फोटो कुणीच काढलेला नसतो.

लहान मुलांचे सामने असतील तर आयोजक आणि पालकांना आधी विचारा, आणि परवानगीशिवाय काहीही ऑनलाइन टाकू नका.

पुढच्या सामन्यात हीच किट लेन्स, १/८००, आयएसओ ६४०० किंवा वर, आणि जमिनीवर बसून काढा. त्यातले दहा फोटो सेटिंगसकट इथे टाका, मग ८५ ची गरज आहे का ते ठरवू.