उलटी झाली की आधी चूळ, ब्रश नंतर

प्रश्न : मला चौथा महिना सुरू आहे. दिवसातून चार-पाच वेळा उलटी होते. तोंडाची चव जावी म्हणून प्रत्येक वेळी घासून ब्रश करते, तरी आता गार पाणी लागलं की वरचे दात शिवशिवतात. सासूबाई म्हणतात, बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं. हे खरं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं ते तुमच्या आहारातून, आणि तिथे कमी पडलं तर हाडांतून. दातांतून ते निघत नाही. तुमचे दात शिवशिवतात ते उलटीतल्या आम्लामुळे, आणि त्यात तुमच्या ब्रशचाही हात आहे.

चिंच खाऊन दात आंबतात ते आठवा. पोटातलं आम्ल त्याहून जहाल. रिकाम्या पोटी त्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ ते २ च्या आसपास असतो आणि दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, ५.५ च्या खाली विरघळू लागतं. उलटीच्या वेळी जीभ पुढे येऊन खालचे दात झाकते. मारा बसतो तो वरच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूवर. तिथला वरचा थर काही वेळ मऊ राहतो. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यातली थोडी झीज भरून काढतं, पण त्याआधीच ब्रश फिरला तर तो मऊ थर खरवडून निघतो. गेलेलं इनॅमल परत येत नाही.

म्हणून उलटी झाली की लगेच चूळ भरा. पेलाभर (सुमारे २५० मिली) पाण्यात चहाचा एक चमचा खायचा सोडा ढवळून न्हाणीघरात तयार ठेवा. अर्धा मिनिट तोंडात खळखळवा आणि थुंका, गिळू नका. खायचा सोडाच घ्या; बेकिंग पावडरमध्ये आम्लही मिसळलेलं असतं. सोड्याच्या चवीनेच मळमळत असेल तर साध्या पाण्याने दोन-तीनदा चुळा भरा. ब्रश त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. चव फारच नकोशी झाली तर तोवर बोटाने थोडी पेस्ट दातांवर फिरवून थुंका, घासू नका.

ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा घ्या, लहान मुलांचा चालेल. मोठा ब्रश दाढांकडे गेला की पुन्हा उबळ येते. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड १००० पीपीएम आहे का ते वाचा. कोळशाची पेस्ट, मीठ, राखुंडी नको. मिश्री तर अजिबात नको, कारण ती दात झिजवते आणि तिच्यातली तंबाखू बाळापर्यंत पोचते. रात्री ब्रश झाल्यावर फेस फक्त थुंकून टाका, चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील.

मळमळीवर आवळा सुपारी किंवा लिमलेटची गोळी तासन्‌तास चघळली जाते. आधीच मऊ झालेल्या दातांवर हे आणखी आम्ल, गोळीत वर साखर. त्यापेक्षा आल्याचा तुकडा किंवा बडीशेप बरी. डोहाळ्यांची चिंच-कैरी जेवणासोबत एकदाच खा, उलटीनंतर लगेच नको.

दाताच्या डॉक्टरांकडे आत्ताच जा, चौथा ते सहावा महिना उपचारांना सोयीचा असतो. गरोदर आहात हे आधी सांगा. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर दातांआधी प्रसूतितज्ज्ञांना गाठा, त्याच दिवशी.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, वसतिगृहात राहते. दाढेतलं जुनं सिमेंट वर आल्यासारखं दिसतं म्हणून दाखवलं, तर डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तिला ‘वारंवार उलट्या होतात का’ असं विचारलं. दात बघून हे कसं कळतं? मला तर अपमान वाटला.
– एक आई, नाशिक

उत्तर : अपमान नव्हे, डॉक्टरांनी नीट पाहिलं. सिमेंट वर आलेलं नसतं. आम्लाने भोवतीचा दात झिजून खाली जातो आणि सिमेंट बेटासारखं उभं राहतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत, पिवळसर, आणि खालचे पुढचे दात जवळपास शाबूत, असं दिसलं की उलटीची शंका येतेच. किडीचा काळा खड्डा वेगळा दिसतो.

कारण जुनी आम्लपित्ताची तक्रार असू शकतं. पण या वयात पोटभर खाऊन, वजनाच्या धास्तीने मुद्दाम उलटी करण्याचा आजारही असतो. त्यात वजन बहुधा नेहमीसारखंच दिसतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. कानाखाली, जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांशी सूज दिसते का पाहा. संडासाच्या दाराशी पहारा देऊ नका, ‘दात दाखव’ म्हणून उलटतपासणी नको. ‘तुला त्रास होतोय का, आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ’ एवढं पुरे. आधी फिजिशियन, कारण उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, मग मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. उलट्या थांबेपर्यंत महागड्या कॅप बसवण्याची घाई नको. सध्या उघड्या पडलेल्या भागावर दाताच्या रंगाच्या सिमेंटचा थर आणि फ्लोराइड वार्निश (फ्लोराइडचा लेप) करून घ्या.