ताजा कलमातला डबा

«ताईंस सप्रेम नमस्कार.

माझे वय 58 आहे. 2021 मध्ये माझ्या लहान आतड्यातली नऊ सेंटिमीटरची गाठ काढली आणि ती ‘जिस्ट’ या दुर्मिळ कर्करोगाची निघाली. आजार पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा, म्हणून इमॅटिनिबची 400 मिलिग्रॅमची एक गोळी रोज दुपारच्या पोटभर जेवणाबरोबर तीन वर्षे घ्यायला सांगितली होती. तो काळ कठीण गेला. डोळ्यांभोवती सूज असे, रात्री पिंढऱ्यांत गोळे येत, आणि गोळी घेतल्यावर दोन तास अशी मळमळ की आडवेच व्हावे लागे. गुरुवारी दुपारी मात्र दत्ताच्या देवळात पारायणाला बसता यायचे, तेवढाच विरंगुळा. मी गोळ्यांचा कंटाळा करणारी बाई नाही. थायरॉइडची गोळी वीस वर्षे एकही दिवस न चुकता घेत आहे.

इमॅटिनिब थांबून आता 14 महिने झाले. आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले. नव्या डॉक्टरांनी फाईल वाचून सांगितले, की स्कॅन स्वच्छ आहे, तुमची तीन वर्षे पूर्ण झाली आहेत, तरी गाठीचा स्वभाव पाहता गोळी पुन्हा सुरू करण्याचा विचार करता येईल. सक्ती नाही, घरी बोलून ठरवा. मुलगा ‘सुरू कर’ म्हणतो, मुलगी ‘आता पुरे’ म्हणते. यजमानांनी तीन वर्षे दर महिन्याला न चुकता औषध आणले, खर्च वहीत लिहिला, एका शब्दाने कुरकुर केली नाही. आता तेही ‘तुझे तू ठरव’ म्हणतात. मी काय करू?

– एक वाचक, कराड

ता. क. गोळी सुरू करायचीच झाली, तर उपवासाच्या दिवसांच्या राहिलेल्या अडीचशेएक गोळ्या घरात डब्यात आहेत. बऱ्याच गोळ्यांची मुदत अजून संपलेली नाही. आधी त्या वापरल्या तर चालेल ना?»

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. वर मी ते थोडक्यात दिले आहे, आणि खरे सांगायचे तर उत्तर लिहिण्यासाठी मला त्यातला ताजा कलमच पुरेसा आहे. तो तुम्ही वेगळ्या पेनाने आणि बारीक अक्षरात, समासाला चिकटून लिहिला आहे. मुलाचे मत, मुलीचे मत, यजमानांची वही हे सगळे सुवाच्य अक्षरात, आणि अडीचशे गोळ्या समासात.

आपण आधी हिशोब करू. वर्षाला 52 गुरुवार, 24 एकादशा आणि नवरात्राचे 9 दिवस धरले आणि एकाच दिवशी आलेले उपवास वगळले, तर साधारण ऐंशी दिवस होतात. तीन वर्षांचे 240. त्यात महाशिवरात्र आणि हरताळका मिळवा, म्हणजे तुमचा डबा बरोबर भरतो. तीन वर्षांचे एकूण दिवस 1,095. त्यातून 250 वजा केले की 845 उरतात, म्हणजे जेमतेम 28 महिने. फायलीत मात्र 36 लिहिले आहेत. नव्या डॉक्टरांनी तुम्हांला जे सांगितले ते ‘तुमची तीन वर्षे पूर्ण झाली आहेत’ या वाक्यावर उभे आहे, आणि ते वाक्य खरे नाही, हे साऱ्या कराडात फक्त तुम्हांला ठाऊक आहे. मुलगा आणि मुलगी ज्या प्रश्नावर भांडत आहेत तो प्रश्नच त्यांच्यासमोर चुकीचा मांडला गेला आहे. अशा प्रश्नाला मी काय उत्तर देऊ?

उपवासामुळे गोळी राहिली, असे तुम्ही म्हणता. मला हे पटत नाही, आणि तुमच्याच पत्राचा आधार घेऊन पटत नाही. थायरॉइडची गोळी तुम्ही वीस वर्षांत एकही दिवस चुकवली नाही. ती गुरुवारीही घेतली, एकादशीलाही घेतली. म्हणजे उपवासाला औषध चालते, याबद्दल तुमच्या मनात कधी शंका नव्हती. राहिला प्रश्न पोटभर जेवणाचा. ही गोळी पोटाला चावू नये म्हणून अन्नाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते, हे खरे आहे. पण गुरुवारचा उपवास रात्री सुटतो, मग त्या रात्रीच्या भाकरीबरोबर ती का घेतली गेली नाही? आणि एकादशीचे म्हणाल, तर साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर दही हे पोटभर जेवण नाही, असे म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

दत्तमहाराजांना यात उगाच ओढू नका. गुरुवारी तुम्ही त्या गोळीपासून सुट्टी घेत होतात. त्या दुपारी मळमळ नसे, आडवे पडावे लागत नसे, चार बायकांत मांडी घालून बसता येत असे. आठवड्यातली एक दुपार तुम्ही आजारी बाई नव्हता. हे मला इतके समजते, की त्याबद्दल तुम्हांला रागवावेसे वाटत नाही. माझ्या सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या होत्या, आणि माती बदलताना त्या आम्हांला सापडल्या. तेव्हा मी त्यांना फार बोलले, आणि ते बोलणे मला आजही बोचते. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मळमळ असह्य आहे, हे तुम्ही डॉक्टरांना इतक्या स्पष्टपणे कधी सांगितलेच नाही. सांगितले असते तर मळमळीवर औषध होते, वेळ बदलून रात्रीच्या जेवणाबरोबर घेण्याची सोय होती, सूज उतरवण्याचे उपाय होते, आणि अगदीच सोसत नसेल तर देखरेखीखाली मात्रा कमी करण्याचा मार्गही होता. ते सारे दरवाजे उघडे असताना तुम्ही एकटीने मागच्या दाराने बाहेर पडत राहिलात.

यजमानांचे तुम्ही फार कौतुक केले आहे. मला त्यांचे तितकेसे कौतुक वाटत नाही. तीन वर्षांत दीडशेहून अधिक गुरुवार येतात. महिन्याला तीस गोळ्या आणणाऱ्या आणि प्रत्येक रुपया वहीत मांडणाऱ्या माणसाला घरात अडीचशे गोळ्या साठत आहेत, हे एकदाही दिसू नये? ‘तुझे तू ठरव’ हे वाक्य ऐकायला मोठे उदार वाटते, पण त्याचा अर्थ ‘मला यात घेऊ नकोस’ असाही होतो. निवृत्त झालेल्या डॉक्टरांनीही दर भेटीत ‘गोळ्या चालू आहेत ना?’ एवढेच विचारले असणार, आणि ‘ना?’ने संपणाऱ्या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर देत नाहीत. गेल्या महिन्यात किती गोळ्या राहिल्या, असे विचारले असते तर कदाचित तुम्ही खरे सांगितले असते.

आता या हिशोबाने फरक काय पडतो, ते सांगते. मी डॉक्टर नाही. पण जे निश्चित ठाऊक आहे तेवढे सांगायला हरकत नाही. या गाठीतल्या पेशींत बहुधा ‘किट’ नावाच्या प्रथिनात बिघाड झालेला असतो, आणि ते प्रथिन पेशींना सतत वाढण्याचा हुकूम देत राहते. जपानी संशोधकांनी हे 1998 मध्ये दाखवून दिले. इमॅटिनिब तो हुकूम अडवून धरते. नेहमीच्या केमोथेरपीला ही गाठ जवळजवळ दादच देत नाही, म्हणून या गोळीचे एवढे मोल. पण पेशी सरसकट मारून मोकळे होणारे हे औषध नाही. ते पुष्कळदा त्यांना नुसते दाबून ठेवते, आणि दाबून ठेवायचे तर हात सतत वर असावा लागतो. रक्तातले या औषधाचे प्रमाण साधारण 18 तासांत निम्म्यावर येते. बुधवारी दुपारी घेतलेली गोळी शुक्रवारी दुपारपर्यंत सहाव्या हिश्शाच्या आसपास उरते. एका दिवसाच्या खाड्याने आभाळ कोसळत नाही, हे मी आवर्जून सांगते. पण दर आठवड्याचा खाडा, आणि वर नवरात्रातले सलग नऊ दिवस, ही गोष्ट वेगळी आहे.

तीन वर्षे हा आकडाही कोणी पंचांग पाहून काढलेला नाही. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि जर्मनी या देशांतल्या 400 रुग्णांवरचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त धोक्याच्या रुग्णांपैकी काहींना एक वर्ष आणि काहींना तीन वर्षे गोळी दिली होती. पाच वर्षांनी आजार न परतलेल्यांचे प्रमाण एक वर्षाच्या गटात सुमारे 48 टक्के होते आणि तीन वर्षांच्या गटात सुमारे 66 टक्के. पुढे फ्रान्समधल्या एका अभ्यासात तीन वर्षांनंतर आणखी तीन वर्षे गोळी चालू ठेवणाऱ्यांत आजार परतण्याचे प्रमाण कमी आढळले, आणि तुमच्या नव्या डॉक्टरांच्या मनात बहुधा असेच काही असावे. ते तुम्हांला पहिली इयत्ता पूर्ण करून दुसरीच्या दारात उभे समजत आहेत. तुमची पहिलीतली हजेरी त्यांना कळली, तर ते कदाचित म्हणतील की हे पुन्हा सुरू करणे नसून राहिलेले पुरे करणे आहे. कदाचित म्हणतील की 14 महिने गेले, स्कॅन स्वच्छ आहे, तेव्हा गोळीपेक्षा स्कॅन अधिक वेळा करत राहू. पहिल्यांदा जे सोसले नाही ते पुन्हा देताना मात्रेचा आणि मळमळीचा बंदोबस्त ते आधीच करतील, एवढे तरी नक्की. यांतले काय योग्य, ते ठरवण्यासाठी त्यांना खरा आकडा लागेल.

तुमच्या ताज्या कलमातल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या डब्यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने तोंडात टाकू नका. मुदत संपली आहे की नाही, हा त्यातला सर्वांत लहान मुद्दा आहे. मोठा मुद्दा असा, की डब्यातून सुरुवात केली की तो डबा रिकामा होईल, आणि मग काही घडलेच नव्हते असे तुम्हांलाही वाटू लागेल. तुमचा हेतू काटकसरीचा आहे, यावर माझा विश्वास आहे. पण काटकसरीच्या आड पुरावाही संपवला जातो. जाता जाता एक सांगते. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला. मूळ कंपनीची महिन्याला सुमारे सव्वा लाखाची गोळी भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या, आणि त्या निकालाने तो मार्ग खुला राहिला. त्या लढाईत कर्करोगाचे रुग्णही उतरले होते, आणि ते ज्या गोळीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढले ती तुमच्या घरात डब्यात पडून आहे, हे वाचून माझा जीव हळहळला.

‘सुरू करू की नको’ हा प्रश्न तुम्ही आता आठवडाभर कोणालाही विचारू नका; मुलाला नाही, मुलीला नाही आणि मलाही नाही. हा डबा उचला आणि नव्या डॉक्टरांची वेळ घ्या. गोळ्या मोजून एका कागदावर आकडा लिहा, खाली कोणकोणते उपवास होते ते लिहा, आणि त्याखाली मळमळ, सूज आणि गोळे किती आणि केव्हा होत होते तेही लिहा. तिथे बोलताना तुमचा आवाज बसेल, म्हणून कागद. डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘या मी घेतलेल्या नाहीत.’ त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्या. कर्करोगाच्या डॉक्टरांनी असे डबे याआधीही पाहिलेले असतात. यजमानांनाही सोबत न्या, आणि बाहेरच्या बाकावर न बसवता आत न्या. औषधाचा खर्च ज्या वहीत आहे ती वही त्यांच्याजवळ असू द्या, कारण कोणत्या महिन्यात किती गोळ्या आणल्या हे त्यात तारखेनिशी सापडेल, आणि डॉक्टरांना ते हवे असेल.

डॉक्टर गुरुवारी बसत असतील तर गुरुवारीच जा. पारायण एक दिवस चुकले तरी चालेल. निघण्याआधी खिचडी मात्र खाऊन निघा. पुण्यापर्यंतचा रस्ता लांब आहे आणि दवाखान्यात नंबर यायला दुपार होते.