अटी घातल्या, तरी फोन मधल्या टप्प्याचं फर्मवेअर गाळतात

प्रश्न : आमच्याकडे सिस्को एसपीए मालिकेचे (इंटरनेटवरून चालणारे) फोन आहेत. ज्यांचं फर्मवेअर (फोन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) ५.२.५ पेक्षा जुनं आहे, त्यांच्यावर आधी ५.२.५ आणि मगच ५.२.८ चढवायचं आहे. 'अपग्रेड रूल'मध्ये (कोणती फाइल कधी चढवायची हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) दोन अटी लिहिल्या, पण सगळे फोन थेट ५.२.८ चीच फाइल मागतात. असं का?

उत्तर : क्रम उलटा झालाय. उभ्या रेघेने वेगळे केलेले पर्याय फोन डावीकडून वाचतो आणि पहिली खरी अट सापडली की तिथेच थांबतो. ५.२.८ पेक्षा जुना असण्याची अट आधी असेल, तर ५.१ वालाही तिच्यातच अडकतो. अरुंद अट आधी, रुंद नंतर :

( $एसडब्ल्यूव्हीईआर एलटी ५.२.५ )? पहिल्या फाइलचा पत्ता | ( $एसडब्ल्यूव्हीईआर एलटी ५.२.८ )? दुसऱ्या फाइलचा पत्ता

(छपाईसाठी देवनागरी, प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि अंक. एसडब्ल्यूव्हीईआर म्हणजे फोनवरची सध्याची आवृत्ती, एलटी म्हणजे 'पेक्षा कमी'.) शेवटचा पर्याय बिनअटीचा ठेवू नका, तो नेहमीच खरा ठरतो.

एलटीऐवजी '<' चालतं, पण फोनच्या सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये ते उघडं लिहिलंत तर तो टॅग समजला जातो आणि फाइलच वाचली जात नाही. अक्षरी रूपच बरं. आवृत्तीला अवतरणचिन्हं नकोत. मजकुराची तुलना करताना मात्र चल (व्हेरिएबल) आणि त्याची किंमत दोन्हींना दुहेरी अवतरण हवं. अटी 'अँड'ने जोडता येतात. 'किंवा' हवं असेल, तर तोच पत्ता दुसऱ्या पर्यायात पुन्हा लिहा.

कॉल चालू असताना फोन अपग्रेड करत नाही, त्यामुळे चाचणी मोकळ्या फोनवर करा. सिसलॉग सर्व्हरचा (फोनच्या नोंदी गोळा करणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता भरून ठेवलात, तर कोणती फाइल मागितली तेही दिसेल.