देवीची लस: जेनरच्या आधीचा शेतकरी

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या आजीच्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे, तो बघून पोरगं म्हणलं ही लस जेनर नावाच्या इंग्रज डॉक्टरने शोधली, पुस्तकात आहे. तर शेजारचे रिटायर्ड गुरुजी म्हणले, अरे त्याच्या आधी एका शेतकऱ्यानंच टोचली होती. खरं काय समजायचं?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर: दादा, गुरुजी बरोबर आहेत आणि पुस्तकही अगदीच चूक नाही. शेतकऱ्याचं नाव बेंजामिन जेस्टी, इंग्लंडमधल्या डॉर्सेट भागातला. साल 1774, म्हणजे जेनरच्या 22 वर्षं आधी. तिकडं गाईंच्या सडावर फोड यायचे, काउपॉक्स म्हणतात त्याला, आणि धार काढणाऱ्या बायकांच्या हाताला ते लागले की त्यांना पुढं देवी येत नाहीत हे गोठ्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. जेस्टीच्याच घरी कामाला असलेल्या, काउपॉक्स होऊन गेलेल्या दोघी देवी आलेल्या नातेवाइकांची सेवा करून ठणठणीत राहिल्या होत्या. मग गावात देवीची साथ आली तेव्हा हा पठ्ठ्या बायको आणि दोन लहान पोरांना घेऊन शेजारच्या गावातल्या आजारी गाईकडं गेला, मोजे विणायची सुई घेतली, फोडातला स्राव लावून तिघांच्या हाताला टोचलं. स्वतःला नाही टोचलं, कारण त्याला काउपॉक्स आधीच होऊन गेला होता. पोरांचं नीट झालं पण बायकोचा हात इतका सुजला की जीवावर बेतलं, ती वाचली हे नशीब, नाहीतर गावानं त्याला सोडलं नसतं. तसंही नावं ठेवली ती ठेवलीच.

मग जेनरचं काय? त्याने 1796 मध्ये जेम्स फिप्स नावाच्या 8 वर्षांच्या पोराला टोचलं, नंतर मुद्दाम देवीचा स्राव टोचून बघितला, सगळं लिहून छापलं आणि जगभर पोचवलं. हे काम जेस्टीने केलं नाही, त्यामुळं माझ्या मते जेनरचं श्रेय काढून घ्यायची गरज नाही, पण 1802 ला त्याला पार्लमेंटने 10 हजार पौंड दिले आणि जेस्टीला 1805 ला लंडनला बोलावून 15 गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून जरा जास्त किमतीचं नाणं) आणि सोन्याची मूठ असलेल्या दोन लॅन्सेट, म्हणजे टोचायच्या बारीक सुऱ्या, हा हिशोब काही मला पटत नाही. त्यातही बोलावणाऱ्या डॉक्टरमंडळींचं जेनरशी वाकडं होतं बरं का.

आणि आपल्याकडचं नाव तर कुणीच घेत नाही. 14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या 3 वर्षांच्या मुलीला लस टोचली, भारतातली पहिली. फ्रिज नव्हते, त्यामुळं एकाच्या हातावरच्या फोडातला स्राव दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला अशी ती लस पोराबाळांच्या दंडावरूनच चालायची. ॲनाच्या फोडातून आणखी 5 मुलांना टोचलं आणि तिथून लस पुणे, सुरत, हैदराबादकडं गेली. त्या 5 जणांची नावं मात्र पुस्तकात सापडत नाहीत.