जाताना आठ तास, येताना सात

प्रश्न : मुलगा लंडनला असतो, कामासाठी न्यूयॉर्कला जाऊन येतो. त्याचं जानेवारीचं तिकीट पाहिलं. जाताना सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोहोचणार, येताना संध्याकाळी ७ ला निघून सकाळी ७ ला. अंतर तेच, मग एकीकडे तीन तास आणि दुसरीकडे बारा कसे? शिवाय मागच्या खेपेला परतताना मोबाइलवर विमानाचा वेग ताशी १,०८० किलोमीटर दिसत होता. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. – एक वाचक, दाभोळ

उत्तर : ताई, आधी घोर सोडा. मोबाइलवर दिसतो तो जमिनीच्या मानाने मोजलेला वेग. विमान हवेत नेहमीसारखं ताशी ९०० च्या आसपास चाललं होतं, आणि ती हवाच पूर्वेकडे १८० च्या वेगाने वाहत होती. ओहोटी लागली की दाभोळच्या खाडीतून बाहेर पडणारी होडी तेवढ्याच वल्ह्यांत किती पुढे जाते, ते तुम्ही पाहिलेलं आहे. विमानाच्या पंखांवर ताण येतो तो भोवतालच्या हवेतल्या वेगाचा. १,०८० चा आकडा त्यांच्या गावीही नसतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, म्हणून गोंधळ होतो. न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या पाच तास मागे. आपल्या घड्याळात मांडून बघा : जाताना दुपारी साडेचार ते रात्री साडेबारा, म्हणजे आठ तास. येताना पहाटे साडेपाच ते दुपारी साडेबारा, म्हणजे सात.

हा एक तास वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या तापमानातल्या फरकातून तो तयार होतो. हिवाळ्यात हा फरक वाढतो, वाराही चेकाळतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन एक बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं.

अंतर म्हणाल तर सुमारे ५,५५० किलोमीटर, पण ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. भूगोल शिकवताना मी मुलांच्या हातात दोरा देऊन तो पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये ताणायला लावायचो. ताठ धरला की दोरा आपसूक उत्तरेकडे सरकतो, आयर्लंड आणि न्यूफाउंडलंडच्या बाजूने. मुलांचे डोळे विस्फारायचे, आणि ते पाहायला मला फार आवडायचं. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. विमानं मात्र रोज तंतोतंत त्यावरून जात नाहीत. कॅनडातलं गँडर आणि स्कॉटलंडमधलं प्रेस्टविक इथली नियंत्रण केंद्रं वारा बघून समुद्रावरचे मार्ग रोज नव्याने आखतात. पूर्वेला जाणाऱ्यांना वारा मिळावा, पश्चिमेला जाणाऱ्यांना तो टाळता यावा, असे.

तेव्हा जानेवारीत जाताना आठाचे साडेआठ तास झाले तरी फोनकडे बघत बसू नका. समोरच्या वाऱ्याचा हिशेब करूनच विमानात इंधन भरलेलं असतं.